शिंपल्यांची पिल्लं कुठे असतात?

मागच्या अंकात गोड्या पाण्यातल्या मोत्यांवर एक छोटं टिपण आलं होतं, त्यावर इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं सदर पूर्ण शिंपल्यांनाच देतेय. बऱ्याच जणांचे प्रश्न फिरून फिरून एकाच ठिकाणी येत होते म्हणून त्यातले पाच निवडलेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातला. गावच्या मामा तलावातून (म्हणजे जुन्या मालगुजारी तलावातून) शिंपले आणून घरामागच्या सिमेंटच्या टाक्यात मोतीपालन करतो. ट्रेनिंग घेतलंय, मोतीपण बरे निघतात. पण टाक्यात एवढे शिंपले असून एकाचंही पिल्लू आजवर दिसलं नाही. दर वेळी तलावातूनच नवीन आणावे लागतात आणि आता तिथेही मोठे शिंपले मिळेनासे झालेत. काही जण म्हणतात सगळे नरच आले असतील. माझं काय चुकतंय?

दादा, सगळे नर आले असतील हे डोक्यातून काढून टाका. एवढ्या शिंपल्यांत नर-मादी दोन्ही असणारच, आपल्याकडच्या जातींत ते बाहेरून बघून ओळखू येत नाहीत एवढंच. तुमच्या टाक्यात मासा नाहीये, खरी अडचण ती आहे. तलावातल्या ह्या शिंपल्याचं पिल्लू माशाच्या अंगावर काही दिवस राहिल्याशिवाय शिंपला होऊच शकत नाही.

नीट सांगते, कारण हे मोतीपालनाच्या ट्रेनिंगमध्ये फार कमी वेळा सांगितलं जातं. तिथे भर असतो तो ऑपरेशनवर, म्हणजे शिंपला किती उघडायचा, साचा किंवा मणी कुठे बसवायचा, नंतर पाण्यात कसा टांगायचा यावर. मोती बनायला शिंपला जगला की पुरे, त्याला पिल्लं झाली काय नि नाही झाली काय, त्यामुळे तो भाग मागेच पडतो.

तुमच्याकडे बहुतेक लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस असणार, भुवनेश्वरच्या सिफामध्ये (केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्था) मोत्यांसाठी मुख्यतः तोच वापरतात. यातला नर शुक्राणू सरळ पाण्यात सोडून देतो. मादी श्वासासाठी आणि खाण्यासाठी दिवसभर पाणी आत ओढतच असते, त्या पाण्याबरोबर शुक्राणू आत जातात आणि अंडी तिच्या अंगातच फळतात. मग ती अंडी जाऊन बसतात तिच्या कल्ल्यांत, म्हणजे ज्या कल्ल्यांनी श्वास घ्यायचा त्यांच्याच कप्प्यांत पिल्लं वाढवायची. भरलेल्या मादीचे कल्ले फुगून जाड झालेले दिसतात, रिकामे असले की ते पातळ पडद्यासारखे असतात. ऑपरेशनसाठी शिंपला उघडता तेव्हा एकदा नीट बघा, तो फरक तुमच्या नजरेतून सुटणार नाही, आणि असा भरलेला शिंपला दिसला तर कृपा करून त्याला मोत्याला न लावता तसाच अलगद पाण्यात परत सोडा.

आत जी अळी तयार होते तिला ग्लोकिडियम म्हणतात. ती मिलीमीटरपेक्षा लहान, बऱ्याच जातींत तर अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही लहान असते. मायक्रोस्कोपखाली तिच्या दोन बारीक झडपा सताड उघड्या दिसतात आणि दोघींच्या मध्ये एकच स्नायू. पोहायला काही नाही, चालायला पाय नाही, आतडं धड तयार नाही, येतं एकच काम, ते म्हणजे मिटणं. काचपट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब सोडला की जिवंत अळ्या पटापट मिटतात, उघड्या राहतात त्या मेलेल्या, आणि प्रयोगशाळेत अळ्यांची तब्येत अशीच तपासतात. तुमच्या जवळपास एखादं सायन्स कॉलेज असेल तर तिथल्या प्राणिशास्त्राच्या सरांना किंवा मॅडमना विचारा, ते आनंदाने दाखवतील.

मादी ह्या अळ्या हजारोंनी, काही जातींत लाखोंनी, पाण्यात सोडते. जवळून गेलेल्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला जी चिकटली ती वाचली, बाकीच्या काही दिवसांत मरून जातात. चिकटलेल्या अळीभोवती माशाची स्वतःची कातडी काही तासांत वाढून तिला झाकून टाकते आणि त्या बारीक फोडात अळी बसून राहते. पाणी उबदार असेल तर दोन-चार आठवडे, थंड असेल तर काही महिने. तेवढ्या वेळात तो एकटा स्नायू विरघळून जातो आणि त्याच्या जागी दोन नवे येतात, पाय फुटतो, आतडं आणि कल्ले तयार होतात, मग फोड फुटतो आणि तयार शिंपला खाली पडतो. गंमत म्हणजे बहुतेक जातींत एवढा सगळा बदल होऊनही आकार जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणजे हा पडलेला शिंपलाही नुसत्या डोळ्यांना दिसणं अवघडच. पडला की तो रेतीत शिरतो आणि बरेच महिने वरही येत नाही.

आता तुमचं टाकं बघा. मादीने अळ्या सोडल्या असतील, बहुतेक दर हंगामात सोडल्याच असतील, पण चिकटायला मासा नाही आणि पडायला रेती नाही, त्यामुळे सगळ्या पाणी बदलताना वाहून गेल्या. आणि हो, कुठलाही मासा सोडून चालेलच असं नाही. प्रत्येक जातीचे शिंपले ठरावीक माशांवरच वाढतात, काहींना बरेच मासे चालतात तर काहींना एकच, चुकीच्या माशावर चिकटलेली अळी त्याचं शरीर काही दिवसांत झटकून टाकतं. म्हणून माझं म्हणणं आहे की बाजारातून बोटुकली (माशांची छोटी पिल्लं) आणण्याआधी ज्या तलावातून शिंपले आणले त्याच तलावातले गावठी मासे, चार-पाच प्रकारचे, घेऊन या. गावातल्या ढीवर बांधवांना कुठे कुठला मासा शिंपल्यांच्या जागेवर फिरतो हे नक्की माहीत असतं. टाक्यापेक्षा शेततळं बरं. तळाला बारीक रेतीचा थर द्या, पाण्याला हिरवट रंग टिकू द्या कारण पिल्लं त्या शेवाळावरच जगतात. शेवाळ मारायला मोरचूद मात्र अजिबात टाकू नका, त्यात तांबं असतं, मोठा शिंपला तांबं काही प्रमाणात झेपवून नेतो पण अळी आणि पिल्लू अगदी थोड्यानेही मरतं. अमोनियाचंही तसंच, त्यामुळे माशांना खाद्य जास्त पडून पाणी खराब होणार नाही हे बघा.

हे काही मी स्वप्नातलं सांगत नाहीये. चीनमध्ये गोड्या पाण्यातल्या मोत्यांचा एवढा मोठा धंदा उभा आहे तो हायरिओप्सिस नावाच्या शिंपल्याच्या हॅचरीवर, तिथे पिवळ्या कॅटफिशला मुद्दाम अळ्या लावतात, मासे टाकीत ठेवतात आणि खाली पडलेली पिल्लं गोळा करून वाढवतात. आपल्याकडे मात्र अजून बहुतेक शिंपला तलावातून उचलूनच आणला जातो, आणि उचलताना सगळे मोठे बघून उचलतात, म्हणजे नेमके पिल्लं देणारे. तुम्हाला तलावात मोठे मिळेनासे झालेत ते यामुळेच असावं असं मला वाटतं. निदान दोन-तीन वर्षं एक कोपरा हात न लावता सोडा, मच्छीमार सोसायटीशी बोलून ठरवा.

प्रश्न : एका व्हिडिओत नदीच्या तळाशी एक शिंपला पडलाय आणि त्याच्यातून चक्क एक छोटा मासा बाहेर येऊन हलतोय, डोळा, शेपटी सगळं आहे, मग मोठा मासा त्याच्यावर झडप घालतो आणि शिंपल्यातून पांढरा ढग उडतो. घरात वाद चाललाय की हे एआयने बनवलेलं आहे. खरं काय? (पुणे)

खरं आहे! तो मासा नाही, शिंपल्याच्याच अंगाचा भाग आहे. तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून तो लॅम्प्सिलिस असणार, अमेरिकेतल्या नद्यांत असतो. कवचाच्या आतल्या बाजूने मांसाचा जो पातळ पडदा असतो त्याची कड मादीत वाढून अशी झालेली असते, त्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका, बाजूने पट्टा, मागे शेपटीसारखं टोक, आणि मादी ती कड ठेक्यात हलवत राहते. बास नावाच्या मोठ्या माशाला ते भक्ष्य वाटतं. तो झडप घालतो, दोन कडांच्या मधे ठेवलेले मादीचे भरलेले कल्ले फुटतात आणि अळ्यांचा तो पांढरा ढग थेट त्याच्या तोंडात जातो. तोंडातून कल्ल्यांत, जिथे त्यांना जायचंच होतं. शिंपल्याला मासा दिसेल असे डोळे नाहीत, मेंदू नाही, आपण कशासारखे दिसतोय हे त्याला कधीच कळणार नाही, तरी लाखो वर्षांत ज्या मादीची कड माशासारखी थोडी जास्त दिसली तिची पिल्लं थोडी जास्त जगली, आणि होता होता हे इथवर आलं. मला यापुढे कुठलंही एआय फिकं वाटतं.

अलाबामाकडच्या नद्यांत हॅमिओटा नावाचा शिंपला आहे, तो सगळ्या अळ्या एका पारदर्शक चिकट नळीच्या टोकाला माशाच्या आकारात बांधतो आणि ती नळी प्रवाहात सोडतो, दोन मीटरपर्यंत लांब. पाण्यात नळी दिसत नाही, दिसतो तो फक्त टोकाचा मासा, प्रवाहात पोहल्यासारखा.

पण माझा सगळ्यात आवडता आहे स्नफबॉक्स, म्हणजे एपिओब्लाझ्मा ट्रायक्वेट्रा. हा आमिष वगैरे दाखवत बसत नाही. लॉगपर्च नावाचा एक मासा आहे, त्याला नाकाने दगड उलटून खाली किडे शोधायची सवय. तो असाच शोधत शोधत उघड्या शिंपल्याजवळ आला की शिंपला त्याचं डोकंच पकडतो! कवचाच्या कडेला आत वळलेले दातासारखे काटे असतात, त्यात डोकं अडकतं, मग अळ्या त्याच्या तोंडावर पंप करतो आणि काही वेळाने सोडून देतो. लॉगपर्चची कवटी कडक म्हणून तो वाचतो, दुसरे छोटे मासे अशा पकडीत मरतात सुद्धा. लॉगपर्च नसलेल्या नदीत स्नफबॉक्सची पुढची पिढी नाही, एवढं सरळ आहे.

प्रश्न : बीएस्सीला आहे, साताऱ्याजवळ. प्रॅक्टिकलला शिंपला उघडला तर कल्ल्यात असंख्य बारीक कण होते. एक जण म्हणाला परजीवी आहेत, फेकून दे. ते तेच होते का, ग्लोकिडिया? आणि माशांना त्यांचा त्रास होतो का?

वर्णनावरून तेच वाटतायत. आणि परजीवी म्हणणारा अगदीच वेडा नाही, एकेकाळी मोठमोठे लोक हेच म्हणत होते. लेव्हेनहूकने सतराव्या शतकाच्या शेवटी आपल्या भिंगाखाली हे कण बघितले आणि ही शिंपल्याचीच पिल्लं असं बरोबर ओळखलं. पण शंभरेक वर्षांनी, १७९७ ला, राथके नावाच्या डॅनिश अभ्यासकाने ठरवलं की हा शिंपल्याला लागलेला वेगळाच परजीवी आहे, आणि त्याला नाव दिलं ग्लोकिडियम पॅरासिटिकम. ते शिंपल्याचे परजीवी नाहीत हे पुढे कळलं, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. १८६६ मध्ये लायडिग नावाच्या जर्मन अभ्यासकाने माशांच्या परांवर ह्याच अळ्या दाखवल्या तेव्हा कुठे कोडं सुटलं, की परजीवी तर आहेत पण शिंपल्याचे नाहीत, माशाचे.

माशाला त्रास? नदीत एखाद्या माशावर थोड्या अळ्या असतात, त्याला फारसं काही होत नाही. टाकीत खूप अळ्या एकदम सोडल्या तर कल्ले भरून श्वास अडतो आणि मासा मरू शकतो, म्हणून हॅचरीवाले मोजून सोडतात. शिवाय एकदा-दोनदा अळ्या लागून गेलेल्या माशात प्रतिकारशक्ती येते, पुढच्या वेळी तो त्यांना झटकतो, म्हणून तरुण मासे जास्त उपयोगाचे. उलटी परतफेड करणारा एक मासापण आहे, युरोप आणि पूर्व आशियातला बिटरलिंग. त्याची मादी एक लांब नळी शिंपल्यात घालून आपली अंडी शिंपल्याच्या कल्ल्यांत ठेवते आणि पिल्लं पोहण्याइतकी होईपर्यंत तिथेच सुरक्षित वाढतात.

प्रश्न : आम्ही आयोवात राहतो, मिसिसिपीच्या काठावर. मस्कटीन गावात फिरताना नदीकाठी जुने शिंपले दिसले, प्रत्येकाला अगदी गोल भोकं पाडलेली, नाण्याएवढी. आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली सदरात विचार. ही भोकं कसली?

आईंना माझा नमस्कार सांगा. ती भोकं शर्टाच्या बटणांची आहेत. बोपल नावाचा एक जर्मन बटण-कारागीर अमेरिकेत आला, मिसिसिपीतले जाड चकचकीत शिंपले बघून १८९१ ला त्याने मस्कटीनमध्ये बटणं कापायला सुरुवात केली, आणि १९०५ पर्यंत ते एकटं गाव वर्षाला दीडशे कोटी बटणं काढत होतं. प्लास्टिक यायच्या आधी शर्टाला चमकदार बटण म्हणजे शिंपल्याचंच. शिंपले काढायची पद्धत साधी होती, बोटीमागून लोखंडी आकडे लावलेली दांडी तळावरून ओढायची, शिंपला प्रवाहाच्या दिशेने तोंड उघडं ठेवून बसलेला असतो, आकडा आत लागला की तो घट्ट मिटतो आणि आकड्याला धरूनच वर येतो. मिटण्याने पिल्लाचा जीव वाचतो आणि मोठ्याचा जातो, हे वाचून मला खूप वाईट वाटलं होतं.

नदी रिकामी व्हायला लागल्यावर धंदा हादरला. मग १९०८ मध्ये मस्कटीनजवळ फेअरपोर्ट इथे सरकारी जीवशास्त्र केंद्र मंजूर झालं, आणि लेफेव्हर आणि कर्टिस या दोन प्राध्यापकांनी कुठला शिंपला कुठल्या माशावर वाढतो हे एकेक करून शोधलं. पुराचं पाणी ओसरल्यावर डबक्यांत अडकलेले मासे वाचवायचे, त्यांना अळ्या लावायच्या आणि नदीत सोडायचे. आज जगभर शिंपल्यांच्या हॅचऱ्यांत जे करतात त्याची मुळं तिथे आहेत. म्हणजे बटणं हवी होती म्हणून का होईना, हे शास्त्र उभं राहिलं. बोपल स्वतः शेवटी ह्याच केंद्रासाठी काम करत होता आणि १९१२ ला शिंपल्याने पाय कापून झालेल्या जखमेत तो गेला.

तुम्ही आयोवातच आहात तर खाली केओकक गावी धरण आहे तेपण बघून या, १९१३ चं. तिथल्या नदीत एबनीशेल म्हणून एक शिंपला आहे, बटणवाल्यांचा अगदी लाडका, आणि त्याची अळी वाढते ती स्किपजॅक हेरिंग नावाच्या माशावर. हा मासा खालून वर पोहत यायचा. धरण झालं आणि तो खालीच अडकला. वरच्या भागात एबनीशेल मेले नाहीत, शिंपले खूप जगतात, ते तिथेच राहिले, दरवर्षी अळ्या सोडत राहिले, आणि पुढची कित्येक दशकं त्या भागात सापडायचे ते फक्त म्हातारे एबनीशेल, लहान एकही नाही. आपल्या कोकणात शाळा बंद पडलेली वाडी असते ना, घरं उघडी, माणसं आहेत, पण पोर एक नाही, तसं. नदीत शिंपले दिसतायत म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नका हे मी जिथे तिथे सांगत असते ते यामुळेच, लहान शिंपले सापडतायत का ते बघा. आपल्याकडेही कृष्णा-पंचगंगेवर किंवा गोदावरीवर बंधाऱ्यांच्या रांगा आहेत, कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्यात काढतात तेव्हा माशाला निदान वाट मिळते, पक्क्या भिंतीला तीही नाही. त्यात वाळूउपसा झाला की ज्या रेतीत पिल्लाने पहिली वर्षं काढायची ती रेतीच ट्रकमधून जाते.

अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांच्या सुमारे तीनशे जाती, जगात सगळ्यात जास्त, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सरकारने नामशेष म्हणून ज्या २१ प्राण्यांची नावं यादीतून काढली त्यात आठ गोड्या पाण्यातले शिंपले होते. त्यातले बरेच माझ्या त्या स्नफबॉक्सचे सख्खे भाऊबंद.

बटणांचा धंदा बुडाल्यावरही मिसिसिपीच्या शिंपल्यांची सुटका झाली नाही. त्यांचे गोल मणी करून जपानला जायला लागले, समुद्री कालवात घालायला, म्हणजे जपानी मोत्यांच्या माळेतल्या प्रत्येक मोत्याच्या पोटात बहुधा अमेरिकन नदीच्या शिंपल्याचा तुकडा असतो.

प्रश्न : आमच्या गोव्यात शिणाण्यो (समुद्रातले शिंपले) खातात, खडपांवर झुंबडच्या झुंबड असते. त्यांचं पण असंच माशावर असतं का?

नाही. शिणाण्यो, तिसऱ्यो, कालवं यांची अंडी आणि शुक्राणू पाण्यातच एकत्र येतात किंवा अळी थोडा वेळ आत राहते, आणि मग ती अळी स्वतः समुद्रात पोहते, तरंगते, काही आठवडे फिरून खडक किंवा दोर मिळाला की चिकटते, तिसऱ्यो मात्र वाळूत शिरतात. म्हणूनच दोर सोडून शिणाण्यांची शेती करता येते. नदीत असं तरंगत राहिलं तर प्रत्येक पिढी प्रवाहाबरोबर खाली खाली जात शेवटी खाडीत जाईल आणि वर कोणीच उरणार नाही, मासा मात्र प्रवाहाविरुद्ध पोहून पिल्लांना वर नेतो. गोड्या पाण्यात राहूनही पोहणारी अळी ठेवलेला एक शिंपला आहे, झेब्रा मसल, मूळचा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या भागातला. तो जहाजांनी तोल सांभाळायला भरलेल्या पाण्यातून अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये पोचला, १९८८ मध्ये तिथे पहिल्यांदा सापडला, आणि त्याला कुठल्याच माशाची गरज नसल्याने काही वर्षांत इतका पसरला की तिथल्या मूळ शिंपल्यांच्या कवचांवर शेकड्यांनी चिकटून बसायला लागला. खालच्याला ना नीट उघडता येतं ना खायला मिळतं, तो उपाशी मरतो.